ठाण्याचा सरहद्दीवरचा किल्ला



कल्याण-डोंबिवलीहून लोकलने मुंबईकडे येताना कळवा सोडले की गाडी खाडीचा पूल ओलांडते. आपल्यापैकी कितीजण त्या वेळी वर्तमानपत्रातून डोके वर काढतात? दोन मिनिटांत गाडी ठाण्याला लागते. पण हीच खाडी एके काळी दोन राज्यांची सरहद्द होती, आणि तिच्यावर नजर ठेवण्यासाठी काठच्या सपाट जमिनीवर एक लष्करी किल्ला उभा होता. तो किल्ला आजही आहे. आपण त्याला ठाण्याचा तुरुंग म्हणतो.

किल्ला म्हटला की आपल्या मुलांच्या डोळ्यांपुढे रायगड येतो, राजगड येतो. डोंगर, कडा, बुरूज. सपाटीवरच्या किल्ल्याला कड्याचे संरक्षण नसते. त्याला खंदक आणि पाणी यांवरच भिस्त ठेवावी लागते. ठाण्याला पाण्याची वाण नव्हती. कल्याणवरून येणारी उल्हास नदी येथे साष्टी बेटाला भिडते. एक वाट वसईकडे जाते, दुसरी मुंबईच्या बंदराकडे. ज्याच्या हाती ठाणे, त्याच्या हाती साष्टीचे दार.

गाव मात्र किल्ल्याहून फार जुने. अकराव्या शतकात अल्-बिरूनीने ‘ताना’ ही कोकणची राजधानी म्हणून नोंदवली आहे. पुढे हा मुलूख गुजरातच्या सुलतानांकडे गेला. १५३४ साली सुलतान बहादूरशहाने वसई आणि तिच्याबरोबर साष्टी पोर्तुगीजांना देऊन टाकली. का दिली? हुमायून बादशहा चालून येण्याची भीती होती, म्हणून. एका मुसलमान राजाने दुसऱ्या मुसलमान राजाच्या धास्तीने ख्रिस्ती सत्तेला मुलूख दिला! इतिहासाकडे केवळ धर्माच्या चष्म्यातून पाहणाऱ्यांची येथे पंचाईत होते. आणि ती पुढेही होत राहते.

दोनशे वर्षांनी मराठ्यांचा जोर वाढला तेव्हा पोर्तुगीजांना जाग आली. १७३० च्या सुमारास त्यांनी ठाण्याला किल्ल्याचे काम काढले. पण काम पुरे होण्याआधीच, १७३७ साली, चिमाजी आप्पांच्या फौजेने खाडी ओलांडली आणि ठाणे घेतले. पुढच्याच वर्षी पोर्तुगीज सेनापती पेद्रु द मेलु गलबते घेऊन ठाणे परत घ्यायला आला, तो तोफेच्या गोळ्याने ठार झाला. १७३९ साली वसई पडली आणि पोर्तुगीजांचा येथील कारभार आटोपला.

यानंतरची पस्तीस वर्षे मराठ्यांची. पलीकडे मुंबईचे इंग्रज साष्टीकडे आशाळभूतपणे पाहत होते. साष्टीत भात पिकत होते आणि ती मुंबईची ढाल होती. १७७४ साली पोर्तुगीज आरमार ठाणे घेण्यासाठी येणार अशी बातमी आली, तेव्हा दुसऱ्याने घेण्यापूर्वी आपणच घ्यावे असे इंग्रजांनी ठरवले. जनरल गॉर्डनच्या हाताखाली फौज आली. आठवडाभर तोफा चालल्या आणि तटाला खिंडार पडले. कमोडोर वॉटसन प्राणास मुकला. २७ डिसेंबरच्या संध्याकाळी खंदक बुजवण्याचा प्रयत्न किल्ल्यातल्या शिबंदीने हाणून पाडला. सुमारे शंभर गोरे शिपाई जायबंदी झाले वा मेले. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. आदल्या संध्याकाळच्या रागाने पेटलेल्या शिपायांनी आतल्या बहुतेक शिबंदीची कत्तल केली. मेलेल्या कमोडोरचे नाव पुस्तकांत सापडते. शिबंदीतल्या शिपायांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. कोणत्या गावचे, कोणत्या जातीचे, कोणत्या धर्माचे ते होते, कोण सांगणार?

१७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी कायमची इंग्रजांकडे गेली.

या किल्ल्याची खरी गंमत मात्र १८१६ सालची आहे. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांचा १८१५ साली पंढरपुरास खून झाला. आरोप आला दुसऱ्या बाजीरावांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे यांच्यावर. एल्फिन्स्टनने पेशव्यांवर दडपण आणून त्यांना ताब्यात घेतले आणि ठाण्याच्या किल्ल्यात कोंडले. देशी पहारेकरी फितूर होतील म्हणून पहाऱ्यावर सगळे गोरे शिपाई नेमले. बंदोबस्त चोख झाला, पण एक गोष्ट राहिली: त्या शिपायांपैकी कोणालाही मराठी येत नव्हते. एका अधिकाऱ्याचा मराठा मोतद्दार खिडकीखालून घोडा फिरवताना गाणी म्हणत असे. पहारेकऱ्यांना वाटे, बिचारा गातो आहे. तो गाण्यातून पळून जाण्याचा बेत सांगत होता! सप्टेंबरातल्या एका रात्री भिंतीला भोक पाडून त्रिंबकजी निसटले. १८२४ साली बिशप हेबर यांनी त्यांना चुनारच्या किल्ल्यात कैदी म्हणून पाहिले आणि ही हकीकत लिहून ठेवली. मधल्या काळात, १८१८ साली, पेशवाईच संपली होती.

पेशवाई गेली तशी सरहद्दही गेली. खाडीच्या दोन्ही काठांवर एकच राज्य आले, मग किल्ला राखायचा कोणापासून? एकोणिसाव्या शतकात त्याचा तुरुंग केला गेला. १८५४ साली खाडीवरून कल्याणपर्यंत आगगाडी धावू लागली. ज्या पाण्यासाठी फौजा लढल्या, ते पाणी ओलांडायला तिकीट पुरेसे झाले.

१९ एप्रिल १९१० रोजी याच तटाच्या आत अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी देण्यात आले. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधाचा तो खटला होता. अनंत कान्हेरे त्या वेळी अठरा वर्षांचा होता, म्हणजे तुमच्यातल्या बारावीच्या मुलाएवढा.

सहलीला जावे तसे या किल्ल्यात जाता येत नाही. पण कळव्याच्या पुलाकडे वळताना रस्त्यावरून ती उंच भिंत दिसते. पुढच्या वेळी मुलांना बोट करून दाखवा, आणि खाडी कोणत्या बाजूला आहे तेही दाखवा.