भीमा नायकाचा कुलवृत्तान्त

आपल्या समाजात कुलवृत्तान्त लिहिण्याची हौस जुनी आहे. मूळ पुरुष कोण, गोत्र कोणते, कुलदेवता कोठली, घराणे कोठून निघाले व कोठे स्थिरावले, हे सारे आपण मोठ्या अगत्याने जुळवितो. त्र्यंबकेश्वरी किंवा नाशकास तीर्थोपाध्यायांच्या वह्या उघडल्या म्हणजे कित्येक पिढ्यांपूर्वीच्या पूर्वजाची नोंद हाती येते. देवस्थानांच्या महाजनांच्या याद्याही या कामी उपयोगी पडतात. परंतु ज्याचे नाव कोणा उपाध्यायाच्या वहीत नाही, ज्याची नोंद सरकारने केवळ गुन्हेगार म्हणून करून ठेवली, अशा पुरुषाचा कुलवृत्तान्त शोधावयाचा तो कसा? नर्मदातीरीच्या एका काळ्या पाण्याच्या कैद्यापुरता हा प्रश्न आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

धार जिल्ह्यात कुक्षीच्या बाजूस, नर्मदेच्या उत्तर अंगाला निसरपुर हे गाव. हा सारा मुलूख पूर्वी धारच्या पवारांच्या राज्यात मोडत असे. नदीपलीकडे बडवाणीचे संस्थान आणि त्यामागे सातपुड्याच्या रांगा. त्या रांगा ओलांडल्या की खानदेश लागतो. नर्मदेची परिक्रमा केलेल्यांस हा भाग निराळा सांगावयास नको. शूलपाणीच्या झाडीत भिल्ल आडवे येत, यात्रेकरूचे होते-नव्हते ते काढून घेत, आणि तरीही यात्रेकरू त्यांस 'मामा' म्हणूनच हाक मारीत. भिल्ल म्हणजे लुटारू ही आपली समजूत बऱ्याच अंशी या परिक्रमेच्या कथांतून दृढ झाली आहे.

डोंगरातील नायकांचे खरे काम मात्र वाटा राखण्याचे होते. घाटातून जाणाऱ्या मालावर आणि खालच्या गावांवर त्यांचे परंपरागत हक्क असत, व त्या मोबदल्यात वाटसरूंच्या जीविताची हमी ते देत. इंग्रजांनी ही व्यवस्था मोडली आणि मग तीच निराळ्या रूपाने पुन्हा उभी केली. नायकांस पगार देऊन रखवालीस ठेवले. म्हणजे हक्काची चाकरी झाली. मुंबई-आग्रा रस्त्यावरील सेंधवा घाटाची रखवाली खाज्या नायक याच्याकडे होती. बडवाणीच्या बाजूस पंचमोहली, धाबा बावडी या डोंगराळ भागात भीमा नायकाचा दरारा होता.

1857 साली या दोघांनी शस्त्र उचलले. त्याच सुमारास नदीच्या उत्तरेसही आग भडकली होती. ऑक्टोबर महिन्यात इंग्रजांनी धारच्या किल्ल्यास वेढा घालून तो घेतला. पुढे धारचे राज्य खालसा झाले आणि 1860 साली ते पवारांस परत मिळाले. अमझेऱ्याचे राजे बख्तावरसिंह यांस 10 फेब्रुवारी 1858 रोजी इंदुरात फाशी देण्यात आले. दक्षिणेस नोव्हेंबर 1857 मध्ये सेंधवा घाटात सुमारे सात लाखांचा खजिना भिल्लांनी लुटला. 11 एप्रिल 1858 रोजी अंबापाणी येथे मोठी लढाई झाली. तीत खाज्याचा मुलगा दौलतसिंह पडला, आणि हाती लागलेल्या कित्येक भिल्लांस इंग्रजांनी तेथेच गोळ्या घातल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर तात्या टोपे खरगोण-राजपूरकडून येऊन बडवाणीजवळ नर्मदा उतरले आणि छोट्या उदेपुराकडे गेले. त्या वेळी भीमाने त्यांस साह्य केले, असे त्या बाजूची परंपरा सांगते. 1860 साली खाज्या नायकाचा विश्वासघाताने वध झाला. यापुढे भीमा एकटा उरला.

आता कुलवृत्तान्ताकडे वळू. भीमाच्या आईचे नाव सुरसी. ते आपल्यापर्यंत कसे आले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. आपल्या वंशावळींतून पित्यामागून पुत्र आणि पुत्रामागून पौत्र अशी नावे ओळीने येतात; मातांची नावे बहुधा गळालेली असतात. सुरसीचे नाव राहिले ते तिच्या कैदेमुळे. बंडखोर हाती लागत नाही असे दिसले की त्याची माणसे धरावयाची, हा त्या काळच्या बंदोबस्ताचा ठरलेला मार्ग होता. अंबापाणीनंतरही भिल्लांच्या बायकामुलांची धरपकड झाली होती. सुरसीस पकडून मंडलेश्वरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले, आणि तेथेच 1859 साली ती मरण पावली. मंडलेश्वर म्हटले की आपणांस आद्य शंकराचार्य व मंडनमिश्र यांचा वाद आठवतो, आणि त्या वादात मध्यस्थीस बसलेली उभयभारती आठवते. त्याच गावच्या किल्ल्यात आपल्या पोटच्या पोरास शरण आणण्यासाठी ओलीस धरलेली एक भिल्लीण मेली, हे आपल्या तीर्थमाहात्म्यात कोठे आलेले नाही.

आईच्या मृत्यूनंतरही भीमा शरण गेला नाही. डोंगराच्या आश्रयाने तो आणखी आठ वर्षे फिरत राहिला. एवढा काळ एका माणसास लपविणे हे एकट्याचे काम नव्हे. पाड्यापाड्यांवरील माणसांनी त्यास अन्न दिले असेल, वाट दाखविली असेल, पाळत आल्याची वर्दी दिली असेल. शेवटी एप्रिल 1867 मध्ये जवळच्याच माणसाच्या फितुरीने तो सापडला. त्यास जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा होऊन अंदमानास धाडण्यात आले.

काळे पाणी म्हटले की सावरकर बंधूंच्या स्मृतीमुळे आपल्या डोळ्यांपुढे सेल्युलर जेल उभा राहतो. पण त्या तुरुंगाचे बांधकाम 1896 साली सुरू होऊन 1906 साली पुरे झाले. भीमाच्या काळचे अंदमान निराळे होते. 10 मार्च 1858 रोजी डॉक्टर वॉकर दोनशे कैद्यांसह तेथे उतरला आणि वसाहतीस आरंभ झाला. कैद्यांनी जंगल तोडावे, दलदल भरावी, बराकी व धक्के बांधावेत, आणि हिवतापाने मरावे, असा तो क्रम होता. चांगल्या वर्तणुकीच्या कैद्यास काही वर्षांनी स्वतःची शेती किंवा धंदा करण्याची मुभा मिळे, आणि स्त्री-कैद्यांशी विवाह करून संसारही थाटता येई. अशा संसारांतून जन्मलेल्यांची एक स्वतंत्र जमात तेथे झाली. त्यांस 'लोकल बॉर्न' म्हणतात. त्यांच्यात पूर्वीच्या जाती, प्रांत व भाषा मिसळून गेल्या. 8 फेब्रुवारी 1872 रोजी व्हाइसरॉय लॉर्ड मेयो याचा तेथे शेर अली या कैद्याने खून केला, तेव्हा भीमा त्याच वसाहतीत शिक्षा भोगीत होता. 29 डिसेंबर 1876 रोजी पोर्ट ब्लेअर येथे त्याचा अंत झाला. त्या शहराचे नाव 2024 साली श्री विजयपुरम असे करण्यात आले.

या ठिकाणी ऑस्ट्रेलियाचा दाखला उपयोगी पडतो. 1788 पासून 1868 पर्यंत इंग्रजांनी स्वतःच्या देशातील सुमारे 1,62,000 कैदी त्या खंडात नेऊन सोडले. शेवटचे जहाज जानेवारी 1868 मध्ये पोचले. म्हणजे भीमा पकडला गेला त्यानंतर नऊ महिन्यांनी. त्या कैद्यांच्या नोंदवह्यांत वय, उंची, डोळ्यांचा रंग, धंदा, अंगावरील व्रण असा तपशील सापडतो. त्यांच्या वंशजांनी कित्येक पिढ्या हा डाग लपविला. पुढे काळ पालटला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तेच वंशज हौसेने ती दप्तरे चाळू लागले, आणि आपला पणजोबा कोणत्या जहाजाने आला हे अभिमानाने सांगू लागले. 2007 साली युनेस्कोने ती दप्तरे जगाच्या स्मृतिसंचयात नोंदविली. कोकणी वाचकांस याहून जवळचा दाखला सत्तरीच्या राण्यांचा आहे. 1895 च्या बंडानंतर दादा राणे यांस पोर्तुगिजांनी तिमोर बेटावर हद्दपार केले. गोव्यात राण्यांचे नाव आज आदराने घेतले जाते.

भीमा नायकाच्या बाबतीतही काळ पालटला आहे. बडवाणीच्या सरकारी महाविद्यालयास त्याचे नाव आहे, धाबा बावडी येथे त्याचे स्मारक उभे आहे. ज्यास सरकारी दप्तराने दरोडेखोर म्हटले त्यास नंतरच्या सरकारने हुतात्मा म्हटले. हे योग्यच झाले. परंतु स्मारक एका पुरुषाचे होते. कुलवृत्तान्तात त्याची आई येते, भाऊबंद येतात, आणि त्यास आठ वर्षे जेवू घालणारे पाडेही आले पाहिजेत. ती माणसे गावोगावच्या सांगण्यातच जिवंत आहेत, आणि असे सांगणे गाव टिकून राहिले तरच टिकते.

येथेच काळजीचे कारण आहे. सप्टेंबर 2019 मध्ये सरदार सरोवराचे पाणी प्रथमच 138.68 मीटरच्या पूर्ण पातळीस पोचले आणि जुने निसरपुर बुडाले. वस्ती उंचावर नव्या जागी गेली. निसरपुराजवळचे कोटेश्वर तीर्थ आणि पलीकडचा राजघाट यांवरही तेच पाणी चढले. देवाची मूर्ती हलविता येते, तिची नवी प्रतिष्ठा करता येते. परंतु 'येथून तात्या उतरला', 'येथे भीमाचा माणूस बसत असे', असे ज्या जागेकडे बोट दाखवून सांगावयाचे, ती जागाच पाण्याखाली गेल्यावर सांगणाऱ्याचे बोट कोठे वळावे?

आमचे म्हणणे एवढेच की, परिक्रमेस जाणाऱ्यांनी आणि कुलवृत्तान्ताची हौस असणाऱ्यांनी या बाजूच्या वृद्धांस भेटून त्यांचे सांगणे लिहून घ्यावे. त्या मामांच्या घरीही वंशावळी आहेत. त्या कागदावर नाहीत इतकेच. सर्वपित्री अमावस्येस आपण ज्ञात-अज्ञात अशा सर्व मृतांस तिलोदक देतो, ज्यांस पाणी देणारे कोणी उरले नाही त्यांसही देतो. मंडलेश्वरच्या किल्ल्यात मेलेल्या सुरसीस आणि समुद्रापार मेलेल्या तिच्या मुलास त्या ओंजळीत स्थान आहे. त्यांची नावे आता आपणांस ठाऊक आहेत. तेव्हा ती अज्ञातांत घालू नयेत.