निळ्या नावाचे तांबडे डोंगर

उन्हाळ्याची सुट्टी लागली की आपल्यापैकी बरेच जण गाडी काढून स्कॉटलंडला जातात. वाटेत डोंगरांच्या नावांच्या पाट्या दिसतात, पण त्या वाचताना जीभ अडखळते. आज त्या नावांविषयी थोडं बोलू या.

ही नावं गेलिक भाषेतली. ‘बेन’ म्हणजे डोंगर, ‘स्कूर’ म्हणजे खडकाळ सुळका, ‘कार्न’ म्हणजे दगडांची रास. ग्लेन्कोजवळच्या प्रसिद्ध ‘बुअखेल एटिव्ह मोर’चा अर्थ एटिव्हचा थोरला गुराखी. शेजारी त्याचा धाकटा भाऊही आहे, ‘बेग’ म्हणजे लहान. खाली दरीत गुरं राखणाऱ्या लोकांची ही भाषा होती.

आता स्पे नदीच्या खोऱ्यात या. नदीच्या दोन बाजूंना दोन रांगा. एकीकडे तांबूस ग्रॅनाइटचे डोंगर. त्यांना गेलिकमध्ये म्हणत ‘अम मोनघ रूअघ’, म्हणजे तांबडे डोंगर. समोर ‘अम मोनघ लीअ’, म्हणजे करडे डोंगर. खोऱ्यात उभं राहून दोन्हींकडे पाहणाऱ्या माणसानंच ही जोडी जुळवली असणार.

पुढे बाहेरच्यांनी तांबड्या रांगेतल्या ‘केर्न गॉर्म’ या एका शिखराचं नाव सगळ्या रांगेला लावलं आणि नकाशांवरही तेच रुळलं. १२४५ मीटर उंचीच्या या शिखराच्या नावाचा अर्थ मात्र निळी रास! म्हणजे तांबडे डोंगर निळे झाले. करड्यांचं नाव नकाशावर टिकलं, पण त्याची जोडी तुटली.

हे कुणाला खटकलं नाही, कारण गेलिक समजणारेच कमी होत गेले. जमीनदारांनी अनेक दऱ्यांमधली कुटुंबं हुसकावून तिथे मेंढ्या आणल्या. १८७२ च्या शिक्षण कायद्यानं शाळा सक्तीची केली, पण त्यात गेलिकला जागा ठेवली नाही. २०११ च्या जनगणनेत सगळ्या स्कॉटलंडमध्ये गेलिक बोलणारे सुमारे ५७ हजार उरले होते. स्पेच्या खोऱ्यात घरोघरी बोलली जाणारी गेलिक तर संपलीच.

पुण्याचं ‘पूना’ झालं तरी घरात आपण पुणेच म्हणत राहिलो, म्हणून ते नाव परत आणता आलं. इथे तसं म्हणणारी घरंच उरली नाहीत.

यंदा एव्हीमोरला गेलात, तर संध्याकाळच्या उन्हात त्या रांगेकडे जरूर पाहा. सोबत मुलं असतील तर त्यांना विचारा, कोणता रंग दिसतोय? भेटू पुढच्या भागात. नमस्कार!