आंदणाची मुंबई आणि ‘च’चे वजन

‘पोर्तुगीजांनी मुंबई इंग्रजांना दिली नसती तर?’ लग्नाच्या मांडवात वडीलधारी मंडळी जमली की हा प्रश्न हमखास निघतो. एक म्हणतो, सारे वेगळे घडले असते; दुसरा म्हणतो, फारसे काही बदलले नसते. पुष्कळदा दोघांचेही खरे असते. वाक्य एकच असले, तरी प्रत्येकाचा जोर निराळ्या शब्दावर असतो.

इतिहास असा : स्पेनपासून १६४० साली स्वतंत्र झालेल्या पोर्तुगालला स्पेन व डच यांच्याविरुद्ध मित्र हवा होता. म्हणून १६६१च्या तहान्वये राजकन्या कॅथरीनच्या विवाहात इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यास मुंबई व आफ्रिकेतील टँजियर आंदण मिळाले. गोव्याचे व्हाइसरॉय मेलो इ कास्त्रो यांचा विरोध असल्याने मुंबईचा ताबा १६६५ साली दिला गेला. १६६८ साली राजाने ती वर्षाला १० पौंडांच्या भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपवली.

आता ‘च’ लावून पाहू. ‘मुंबई दिलीच नसती तर?’ मग ती पोर्तुगीजांकडे राहिली असती. परंतु साष्टी बेट व वसई १७३७ ते १७३९च्या मोहिमेत मराठ्यांनी जिंकली. मुंबई तेवढी वाचली असती, असे मानणे कठीण.

‘मुंबईच दिली नसती तर?’ येथे विवाह, तह आणि देणगी कायम. बदलते ते केवळ ठिकाण. मग कंपनीने आपली पेढी दुसऱ्या एखाद्या बंदरात थाटली असती.

‘इंग्रजांनाच दिली नसती तर?’ आता मुंबई देणे कायम, घेणारा बदलतो. उत्तर शोधायला मुंबईचा नव्हे, लिस्बनच्या दरबाराचा इतिहास चाळावा लागेल.

जोर बदलला की अशा वाक्यांचे खरेखोटेपणही बदलू शकते, हे अमेरिकन तत्त्वज्ञ फ्रेड ड्रेट्स्के यांनी १९७२ साली मांडले. आपल्या मराठीत ते काम एक इवलासा ‘च’ करतो.

त्या तहात मुंबईच्या रहिवाशांना कॅथलिक धर्माचरणाची मोकळीक राखून ठेवली होती. मात्र त्यांचे मत कोणी विचारले नव्हते. आज त्यांचे वंशज त्या व्यवहाराबद्दल हळहळतात किंवा समाधान मानतात. निवाडा करण्यापूर्वी समोरच्याला एवढेच विचारावे : ‘बाबा रे, तुझा ‘च’ कोठे आहे?’