अंडरलाइंग नफा: वगळलं काय?

मध्यंतरी मला एका स्टार्टअपची ऑफर आली. पगार कमी, पण ईसॉप भरपूर. त्यांच्या प्रेझेंटेशनमध्ये ठळक लिहिलेलं: 'अ‍ॅडजस्टेड एबिटडा पॉझिटिव्ह'. मी पडलो बीटेकवाला. म्हटलं, आधी या आकड्याचा इतिहास बघू.

अंडरलाइंग नफा म्हणजे एकदाच होणारे खर्च-उत्पन्न बाजूला ठेवून, मूळ धंद्यातून किती कमावलं ते. कंपनीने इमारत विकली तर त्या वर्षीचा नफा फुगतो, पण इमारत काही दरवर्षी विकता येत नाही. मग ती रक्कम वगळणं रास्तच. एबिटडा याच घराण्यातला. व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीची कमाई.

हा आकडा चलनात आणण्यात अमेरिकेतल्या टीसीआय या केबल कंपनीच्या जॉन मलोन यांचा मोठा वाटा. १९७३ मध्ये ते कंपनीचे प्रमुख झाले. केबल टाकायला प्रचंड कर्ज काढलेलं, त्यामुळे व्याज आणि घसाऱ्यात कागदावरचा नफा संपून जायचा. पण ग्राहकांचे पैसे दरमहा येत होते. गुंतवणूकदारांनी ते बघावं, असं मलोन यांचं म्हणणं. त्यात तथ्य होतं.

आता वर्ल्डकॉमकडे या. दुसऱ्या टेलिफोन कंपन्यांच्या लाइन वापरायचं भाडं हा त्यांचा रोजचा खर्च. २००१ पासून त्यातला मोठा भाग त्यांनी भांडवली खर्च म्हणून दाखवला. भांडवली खर्च हळूहळू घसाऱ्यातून वजा होतो, आणि एबिटडात घसारा धरतच नाहीत. म्हणजे खर्च एबिटडातून साफ गायब! कंपनीच्याच अंतर्गत ऑडिटर सिंथिया कूपर यांच्या टीमने हे शोधलं. जून २००२ मध्ये ३.८ अब्ज डॉलरचा घोळ जाहीर झाला, जुलैमध्ये दिवाळखोरी. हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. निवृत्तीची बचत कंपनीच्याच शेअर्समध्ये ठेवलेल्यांचे तर दुहेरी हाल.

२००३ पासून अमेरिकेत नियम आला: असा आकडा छापा, पण शेजारी अधिकृत आकडा द्या आणि दोघांत फरक का, तेही दाखवा.

मीही तोच तक्ता मागितला. वगळलेल्या खर्चांत पहिली ओळ होती 'ईसॉप खर्च'. म्हणजे मला पगाराऐवजी जे देणार होते, तेच खर्चात धरलेलं नव्हतं! ऑफर मी नाकारली.

तुम्हीही 'अंडरलाइंग' शब्द दिसला की एकच प्रश्न विचारा: वगळलं काय? भेटू पुढच्या भागात!