जाळीचा चमचा

अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये चांदीचा एक चमचा असायचा. आकारानं चहाच्या चमच्याएवढा, पण त्याच्या वाटीला नक्षीदार भोकं. दांडा काडीसारखा बारीक आणि टोकाला भाल्यासारखं पातं. ज्यातून सगळंच गळून जाणार, तो चमचा कशाला, असं कुणालाही वाटेल.

तो चहाचा होता. किटलीच्या तोटीतून पानांचे कण कपात येत. जाळीच्या वाटीनं ते वरच्यावर टिपायचे आणि तोटीत पानं अडकली की टोकदार दांड्यानं मोकळी करायची. 'मोट स्पून' हे त्याचं नाव, मोट म्हणजे कस्पट. पाणीसुद्धा गाळून पिणाऱ्या आपल्यासारख्यांना ही खटपट लगेच समजते. पुढं चहाचं गाळणं आलं आणि चमचा मागं पडला.

त्या काळी चहा भलताच महाग. 1784 साली इंग्लंडच्या सरकारनं चहावरचा कर 119 टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आणला, यावरूनच काय ते समजा. चहाच्या डब्याला कुलूप असे आणि किल्ली घरच्या बाईकडे. डब्यातून मोजून चहा काढायला आखूड दांड्याचा, बहुतेक शिंपल्याच्या आकाराचा वेगळा चमचा असे. आखूड कशासाठी? डब्यातच मावावा म्हणून.

दोन्ही टोकांना पन्हळीसारखी खाच असलेली एक लांब पट्टी मात्र आपल्या बायकांना कितीही डोकं खाजवलं तरी ओळखता येणार नाही. एक खाच रुंद, दुसरी अरुंद. ती हाडातला मगज काढून खायची. ज्या घरात तो पदार्थच शिजत नाही, त्या घरात ती वस्तू मुकीच राहणार.

इंग्रजी चांदीवर शिक्के असतात. चालणारा सिंह म्हणजे 92.5 टक्के शुद्ध चांदी, ही खूण 1544 पासूनची. नांगर म्हणजे बर्मिंगहॅम. राजाचं किंवा राणीचं मस्तक म्हणजे कर भरल्याची खूण, 1784 ते 1890 पर्यंतची. शिवाय वर्षाचं अक्षर आणि कारागिराची आद्याक्षरं. त्यात वळणदार 'एच. बी.' दिसलं की ती हेस्टर बेटमन. नवरा 1760 मध्ये वारला. दुसऱ्याच वर्षी या विधवेनं लंडनमध्ये स्वतःचा शिक्का नोंदवला आणि मुलांना हाताशी धरून 1790 पर्यंत कारखाना चालवला. सही करायची वेळ आली की ती नुसती आद्याक्षरं काढी. तीच अक्षरं आज तिची ओळख झाली आहेत.

पण शिक्के चांदी किती खरी, कुणी घडवली, कधी घडवली एवढंच सांगतात. वस्तूचं काम काय, हे ते सांगत नाहीत. मोट स्पूनवर तर पुष्कळदा वर्षाचं अक्षरही नसतं. तिथं आकार बघायचा, झीज कुठं झालीय ते बघायचं आणि त्या घरचं खाणंपिणं ठाऊक असावं लागतं.

आपल्याकडच्या जुन्या चांदीवर बहुधा एवढेही शिक्के नसतात. फार तर कुणाचं तरी नाव कोरलेलं. त्या भांड्यांची ओळख सासूच्या तोंडून सुनेला कळायची, तेवढीच. हल्ली भांडी बँकेच्या लॉकरमध्ये असतात आणि तिथून निघाली की सराफाकडे मोडीत जातात. तराजूत गंधोदकाची वाटी आणि आमटीची वाटी सारखीच भरते. सराफाचा त्यात दोष नाही, तो वजन करतो.

मोडायची वेळ कुणावरही येते, घरात लग्न निघतं, आजारपण येतं. मोडा, पण त्याआधी घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईला एकेक भांडं दाखवा. याला काय म्हणत, यात काय वाढत, कोणत्या दिवशी काढत, एवढं विचारून वहीत लिहून ठेवा. चांदी पुन्हा घेता येईल. ते सांगणारं माणूस एकदा गेलं की गेलं.