डोके, डोळे, कान : आपल्या आचार्यांचे वैद्यक आणि आपले घर



चातुर्मास लागला की साक्रीच्या स्थानकात आणि मंदिरात दुपारच्या वेळी बायका जमतात. सामायिक पाळून झाले की गप्पा सुरू होतात आणि त्या हमखास दुखण्यांवर येतात. कुणाच्या सासूबाईंना मोतीबिंदू झालेला असतो, कुणाच्या मुलाचा कान वाहतो, कुणाला उपवासाला अर्धशिशी उठते. मग प्रश्न येतात. डोळ्यात मध घालतात तो आपल्याला चालतो का? डॉक्टरांच्या थेंबात काय असते कोण जाणे? वय झाले, आता ऑपरेशन कशाला, नवकार म्हणत बसावे, असेही कुणी म्हणते.

हे प्रश्न मनात ठेवून मी काही दिवस वाचत होते. आपल्या परंपरेत डोके, डोळे आणि कान यांच्या दुखण्यांचा विचार फार जुना आहे, आणि तो वाचला की वरच्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरे आपोआप मिळतात. म्हणून आज त्याचा इतिहास सांगते.

आयुर्वेदाची आठ अंगे आहेत. त्यातले एक शालाक्य. शलाका म्हणजे सळई, बारीक काडी. डोळा, कान, नाक यांवर उपचार करताना ही सळई वापरत, म्हणून गळ्याच्या वरच्या सगळ्या रोगांच्या शास्त्राला शालाक्य नाव पडले. आजही आयुर्वेदाच्या कॉलेजात याच नावाचा विभाग असतो. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोळ्यांचे ७६, कानांचे २८, नाकाचे ३१ आणि डोक्याचे ११ रोग मोजले आहेत.

आता आपल्या बाजूने पाहू. बारा अंगांपैकी बारावे अंग दृष्टिवाद. त्यात चौदा पूर्वे होती. त्यातल्या बाराव्या पूर्वाचे नाव प्राणावाय, आणि त्यात वैद्यकाचे ज्ञान होते असे आपली परंपरा मानते. पूर्वे लुप्त झाली, पण आचार्यांनी वैद्यक सोडले नाही. त्याचा मोठा पुरावा म्हणजे उग्रादित्याचार्यांचा 'कल्याणकारक' हा संस्कृत ग्रंथ. उग्रादित्य दिगंबर परंपरेतले, नवव्या शतकातले. श्रीनंदी हे त्यांचे गुरू. ग्रंथात पंचवीस परिच्छेद आहेत, शिवाय शेवटी जोडलेले अध्याय आहेत. डोके, कान, नाक, तोंड, डोळे या सगळ्यांच्या रोगांचा त्यात विचार आहे.

हा ग्रंथ शतकानुशतके हस्तलिखितांतच होता. तो छापला गेला आपल्या महाराष्ट्रात, सोलापुरात, १९४० साली. पंडित वर्धमान पार्श्वनाथ शास्त्री यांनी तो हिंदी अनुवादासह संपादित केला. संप्रदाय कोणताही असो, हा ठेवा आपल्या सगळ्यांचा आहे.

उग्रादित्यांनी आपल्याआधीच्या आचार्यांची नावे आदराने दिली आहेत आणि कुणी कोणत्या अंगावर लिहिले तेही सांगितले आहे. शल्यतंत्र पात्रस्वामींचे, विषचिकित्सा सिद्धसेनांची, बालरोग मेघनादांचे. आणि शालाक्य, म्हणजे डोके-डोळे-कान यांचे शास्त्र, पूज्यपादांचे. तेच पूज्यपाद, ज्यांचे मूळ नाव देवनंदी, ज्यांनी तत्त्वार्थसूत्रावर 'सर्वार्थसिद्धी' लिहिली. त्यांचा शालाक्यावरचा ग्रंथ आज उपलब्ध नाही.

पूज्यपादांबद्दल एक कथा सांगतात. त्यांची दृष्टी गेली होती, तेव्हा त्यांनी शांत्यष्टक रचून शांतिनाथ भगवानांची भक्ती केली आणि दृष्टी परत आली. ही कथा श्रद्धेने सांगितली जाते आणि मीही ती श्रद्धेनेच ऐकते. पण तिच्यासोबत दुसरी गोष्टही लक्षात ठेवायला हवी. ज्यांच्याबद्दल ही कथा आहे, त्याच आचार्यांनी डोळ्यांच्या उपचारांचे शास्त्र लिहिले. भक्ती आहे म्हणून औषध नको, असे त्यांना वाटले नाही. आपण मात्र कधी कधी भक्तीचे नाव पुढे करून दवाखाना टाळतो.

मध चालतो का?

कल्याणकारकाचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य हेच आहे. जुन्या वैद्यकात मांस, मद्य आणि मध यांचा सर्रास वापर होता. डोळ्यात घालायच्या अंजनातही मध असे. उग्रादित्यांनी हे तिन्ही वर्ज्य करून औषधे सांगितली. ग्रंथाच्या शेवटी हिताहित नावाचा अध्याय आहे. त्यात औषध म्हणून मांस खाण्याचे समर्थन त्यांनी खोडून काढले आहे, आणि हा विषय त्यांनी राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष नृपतुंग याच्या सभेत वैद्यांसमोर मांडला असे त्यात सांगितले आहे. अमोघवर्षाने साधारण ८१४ ते ८७८ या काळात मान्यखेटहून राज्य केले. आपला हा मुलूखही राष्ट्रकूटांच्याच राज्यात होता.

यातून मी काय शिकले ते सांगते. आचार्यांपुढे दोन वाटा होत्या. एक, औषधात हिंसा आहे म्हणून औषधच नाकारायचे. दुसरी, अहिंसेत बसेल असे औषध शोधायचे. त्यांनी दुसरी वाट घेतली, आणि ती कष्टाची होती. तेव्हा आपणही डॉक्टरांना सरळ विचारावे, "यात प्राणिज काही आहे का? दुसरा पर्याय आहे का?" बहुतेक डॉक्टर समजून घेतात. विचारून पर्याय मिळतो. न विचारता घरी बसून फक्त दुखणे वाढते.

मधाचे म्हणाल तर आपल्याला तो धर्मानेच वर्ज्य आहे, आणि आजचे नेत्रतज्ज्ञही घरातला मध डोळ्यात घालू नका असेच सांगतात, कारण तो निर्जंतुक नसतो. काजळ, सुरमा, गुलाबपाणी आणि बाळाच्या डोळ्यात पिळायचे आईचे दूध, सगळ्यांना हाच नियम. बाजारच्या काही सुरम्यांत तर शिसे असते. तुपाच्या दिव्यावर धरलेले काजळ आपल्या आजीने सगळ्यांना घातले हे खरे, पण बाळाला तीट लावायचीच तर ती गालावर किंवा तळपायाला लावा.

मोतीबिंदू : सळईपासून भिंगापर्यंत

आईचे दूध डोळ्यात घालायची रीत किती जुनी आहे ते सुश्रुतात दिसते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया त्यात सविस्तर आहे. फार उन्हाळा नाही, फार थंडी नाही असा काळ निवडायचा. रुग्णाला नाकाच्या शेंड्याकडे नजर लावायला सांगायची. डाव्या डोळ्यासाठी वैद्याने उजवा हात वापरायचा, उजव्यासाठी डावा. डोळ्याच्या पांढऱ्या भागातून सळई आत न्यायची, लगेच स्त्रीच्या दुधाने डोळा शिंपायचा आणि मग आतला पडदा बाजूला सारायचा. रुग्णाला दिसू लागले की तुपात भिजवलेली पट्टी बांधायची. नंतर दहा दिवस उताणे निजायचे. शिंक, खोकला, ढेकर, थुंकणे सगळे जपून.

त्यात गढूळ झालेले भिंग बाहेर निघत नसे, फक्त खाली ढकलले जाई. उजेड परत येई, माणसे ओळखू येत, पण बारीक दिसत नसे आणि डोळ्यात पू होऊन तो कायमचा जाण्याची भीती असे. भिंग बाहेर काढण्याची पद्धत फ्रान्समधल्या जाक दाव्हिएल याने अठराव्या शतकाच्या मध्याला रूढ केली. मग १९४९ साली लंडनच्या हॅरोल्ड रिडली यांनी पहिले कृत्रिम भिंग डोळ्यात बसवले. युद्धात विमानाच्या काचेचे, म्हणजे खरे तर ॲक्रिलिक प्लास्टिकचे, तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत गेले तरी डोळा ते सहन करतो हे त्यांनी पाहिले होते. आजचे भिंगही कृत्रिमच असते, त्यात प्राण्याचा अंश नसतो. ज्या आजींना ही शंका असते त्यांना हे जरूर सांगा.

भारत सरकारने अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ साली सुरू केला आणि मोतीबिंदूची शिबिरे गावोगाव पोहोचली. आज छोट्या छेदातून शस्त्रक्रिया होते आणि बहुतेकदा त्याच दिवशी माणूस घरी येतो. "मोतीबिंदू पिकू द्या, मग काढू" हा सल्ला जुन्या पद्धतीच्या काळातला. आता पिकायची वाट पाहायची गरज नसते. उलट फार पिकला की शस्त्रक्रिया अवघड होते. आपल्या खानदेशात जळगावला कांताई नेत्रालय उभे आहे. ते भवरलालजी जैन यांच्या पत्नी कांताबाई यांच्या नावाचे. त्यांच्यावर भवरलालजींनी लिहिलेले 'ती आणि मी' आपल्यापैकी अनेकींनी वाचले असेल.

दुसरी एक आठवण खुपऱ्यांची. धूळ, चुलीचा धूर, एकच पदर सगळ्यांच्या तोंडाला. एकाचे डोळे आले की घरभर येत. खुपऱ्यांनी पापण्या आत वळत, केस बुबुळाला घासत आणि नजर जाई. देशात १९६३ साली त्याविरुद्ध कार्यक्रम सुरू झाला आणि २०२४ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतात ही सार्वजनिक आरोग्याची समस्या उरली नाही असे जाहीर केले. पाणी, साबण, स्वच्छ चेहरा आणि औषध यांनी हे झाले. डोळे आले की टॉवेल आणि उशी वेगळी ठेवायची एवढे तरी आपण पाळायलाच हवे.

पित्त नव्हे, डोळा

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते. सुश्रुताने अधिमंथ नावाचा डोळ्याचा रोग सांगितला आहे. मंथ म्हणजे घुसळणे. डोळा रवीने घुसळून काढावा तसा दुखतो आणि अर्धे डोके ठणकते. आजचे वैद्य त्याची तुलना काचबिंदूच्या अचानक येणाऱ्या झटक्याशी करतात. डोळ्यातला दाब एकाएकी वाढतो. एका बाजूचे डोके फुटायला लागते, मळमळते, उलट्या होतात, डोळा लाल होतो, धूसर दिसते, दिव्याभोवती रंगीत वलये दिसतात.

आमच्या नात्यातल्या एका काकूंना पर्युषणात असे झाले. उपवास होता, उलट्या झाल्या, डोके दुखत होते. सगळ्यांनी म्हटले, पित्त खवळले, पारणे झाले की बरे वाटेल. काकूही काही बोलल्या नाहीत, पच्चक्खाण मोडायला नको म्हणून. दोन दिवसांनी धुळ्याला नेले तेव्हा त्या डोळ्याची बरीच नजर गेली होती, आणि काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. मोतीबिंदू थांबू शकतो, हा झटका थांबत नाही; त्याला तासांचा हिशेब असतो. म्हणून डोके दुखणाऱ्या बाईचा डोळा बघायचाच. लाल आहे का, दुसरा डोळा झाकून नीट दिसते का, एवढे विचारायला एक मिनिट लागते.

एरवी उपवासातली डोकेदुखी बहुधा पाणी कमी पडल्याने, चहा सुटल्याने किंवा झोप मोडल्याने होते. अर्धशिशी असणाऱ्यांना उपाशी राहिल्याने ती उठते. अशा बहिणींनी तप धरण्याआधी डॉक्टरांशी आणि म.सा.शी बोलावे. जुन्या ग्रंथात सूर्यावर्त आहे, उन्हाबरोबर चढणारी आणि उतरणारी डोकेदुखी. अर्धावभेदक आहे, म्हणजे आपली अर्धशिशी. नावे हजार वर्षांपूर्वीची असली तरी वर्णन ओळखीचे वाटते. पण डोके एकाएकी, आयुष्यात कधी दुखले नाही असे दुखले, तापाबरोबर मान आखडली, बोलणे अडखळले किंवा हातपाय लुळा पडला, तर लेप आणि सुंठ ठेवून द्यायची आणि गाडी काढायची.

कान

आपली साक्री कान नदीच्या काठची, त्यामुळे कानाला विसरून चालणार नाही! कोमट तेल कानात घालणे, म्हणजे कर्णपूरण, हेही शालाक्यातलेच. पण कान वाहत असेल किंवा पडद्याला छिद्र असेल तर तेल आत जाऊन त्रास वाढवते, आणि छिद्र आहे की नाही हे आपल्याला बाहेरून दिसत नाही. म्हणून न तपासता तेल नको. पिन, काडी, कापूस लावलेली सळई तर अजिबात नको. मळ आपोआप बाहेर येतो. मुलाचा कान वारंवार वाहत असेल, ते टीव्हीचा आवाज वाढवत असेल, हाक मारल्यावर वळत नसेल तर ते हट्टी नाही, त्याला ऐकू येत नसावे. कानामागे सूज आली तर त्याच दिवशी दाखवा.

कानात किडा गेला तर? खोली अंधारी करा आणि कानाशी टॉर्च धरा. उजेडाकडे तो कधी कधी स्वतःच बाहेर येतो. त्याचाही जीव वाचतो आणि आपलाही कान. नाही आला तर डॉक्टर.

डोळे कशासाठी

शेवटी एकच विचार. आपला सगळा आचार नजरेवर उभा आहे. खाली पाहून चालणे म्हणजे ईर्यासमिती. धान्य निवडणे, पीठ चाळणे, पाणी गाळणे, पूंजणीने जागा पुसणे, सूर्यास्ताआधी जेवण उरकणे, या सगळ्याला डोळे लागतात. ज्या आजींना ताटातली मुंगी दिसत नाही त्यांच्याकडून जयणा कशी पाळली जाणार? त्यांना दवाखान्यात नेणे ही त्यांच्या धर्माराधनेत केलेली मदतच आहे. औषधदानाला आपण चार दानांत जागा दिली आहे, आणि वैयावच्च तर तपातच गणली आहे.

तेव्हा येत्या ओळीच्या आयंबिलांआधी प्रत्येकीने घरातल्या एका वडीलधाऱ्या बाईचे डोळे तपासून घ्यावेत. चाळिशीनंतर डोळ्याचा दाबही मोजायला सांगावा. बळसाण्याला विमलनाथ भगवानांच्या दर्शनाला जाऊ तेव्हा त्या आजींना मूर्ती नीट दिसावी, एवढीच भावना.

जय जिनेंद्र.