बेडकाच्या तंगडीतले विष

एकोणिसाव्या शतकात अल्जीरियावर फ्रेंचांचा अंमल होता. तिथल्या लष्करी डॉक्टरांची 1861 आणि 1893 मध्ये प्रसिद्ध झालेली दोन टिपणे एकाच चमत्कारिक आजाराबद्दल आहेत. सैनिकांच्या पोटात कळा येत, तोंडाला कोरड पडे, लघवी वारंवार आणि जळजळत होई; शिवाय लिंगाची वेदनादायक ताठरता काही केल्या उतरत नसे. या सैनिकांनी बेडकांच्या तंगड्या खाल्ल्या होत्या.

लक्षणे मात्र डॉक्टरांच्या ओळखीची होती. ‘स्पॅनिश फ्लाय’ या हिरव्या, चकचकीत किड्याची पूड युरोपातल्या औषधांच्या दुकानांत शतकानुशतके विकली जात होती. नावात माशी असली, तरी हा भुंगेरा. अंगावर फोड आणून आतले दुखणे बाहेर काढण्यासाठी त्याचा लेप लावत. कामोत्तेजक म्हणून पूड पोटातही घेत. 1810 मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ रोबिके याने त्यातले दाहक द्रव्य वेगळे केले. तेच कँथॅरिडिन. ज्याला लोक उत्तेजना समजत, तो खरे तर मूत्रमार्गाचा दाह होता. मात्रा थोडी वाढली तरी मूत्रपिंडे निकामी होत, माणसे दगावत.

अल्जीरियात बेडूक चिरून पाहिल्यावर त्यांच्या पोटात याच कुळातले भुंगेरे सापडले. पण माणसाला मारणारे विष बेडूक पचवतो कसे आणि ते त्याच्या मांसात उतरते का, हे सिद्ध व्हायला पुढचे शतक उजाडले. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे टॉमस आइसनर आणि सहकाऱ्यांनी बेडकांना असे भुंगेरे खाऊ घातले. बेडूक ठणठणीत राहिले. कँथॅरिडिन मात्र त्यांच्या मांड्यांच्या स्नायूंत आढळले. 1990 मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि लष्करी डॉक्टरांचे निदान खरे ठरले.

भुंगेऱ्याच्या लेखी हे द्रव्य वंशरक्षणाचे साधन आहे. नर ते तयार करतो, मीलनात मादीला देतो आणि मादीकडून ते अंड्यांत उतरते. धोका जाणवला की त्याच्या पायांच्या सांध्यांतून विषारी थेंब पाझरतात. मुंग्या मागे फिरतात. बेडूक फिरत नाही.

आपल्याकडे फुलोऱ्यातल्या बाजरीवर येणारे हिंगे याच कुळातले. त्यांना उघड्या हाताने चिरडले, तर कातडीवर फोड येतात. सैनिकांची गोष्ट आज गंमत म्हणून सांगितली जाते. त्या वेदनेत हसण्यासारखे काही नव्हते.